रिकाम्या पलंगावरची चादर

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की आई थोरल्या मुलीच्या खोलीत जायची आणि पलंगावरची चादर चुरगाळायची. आधी उशीवर मूठ दाबून खळगा करायचा, मग पांघरूण पायथ्याशी अर्धवट लोटायचं, मग चादरीला मधोमध चार सुरकुत्या पाडायच्या. कुणीतरी रात्रभर झोपून आत्ताच उठून गेलंय असं दिसलं पाहिजे. एवढं झालं की खोलीचं दार सताड उघडं टाकून ती स्वयंपाकघरात परतायची. समोरच्या काकू वर्तमानपत्र मागायला यायच्या, जाता येता त्या दारातून आत नजर टाकायच्या आणि निघून जायच्या. मग आई तीच चादर झटकून, ताणून नीट घालायची.

त्या पलंगावर सात वर्षांत कुणी झोपलं नव्हतं.

थोरली वरच्या मजल्यावर राहायची. चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात ती कामाला होती. संध्याकाळी यायची, खाली आईवडिलांबरोबर जेवायची आणि स्वयंपाकघरातल्या आतल्या जिन्याने वर जायची. वर तो असायचा. सीमेपलीकडच्या देशातून लिफ्ट बसवायच्या कामावर आलेला, उंच, हसरा, बोलताना शब्दांच्या लिंगांची हमखास गल्लत करणारा. 'माझी गुडघा दुखते' म्हणायचा आणि आपणच हसायचा. पहिल्या वर्षी तो खरोखरच भाडेकरू म्हणून राहायला आला होता. पुढे दोघांचं जमलं, आणि थोरली आपली उशी घेऊन वर गेली. आईने दुसऱ्या दिवशी तिच्या पलंगावर नवी उशी आणून ठेवली.

घरात त्याला नाव नव्हतं. 'वरचा' म्हणायचे. वरच्याला हाक मार, वरच्याला विचार, वरच्याच्या हातून झालं तर होईल. नवख्या माणसाला वाटायचं, घर फार देवभोळं आहे. त्याच्याकडून भाडं घेणं कधीच बंद झालं होतं. 'जावयाकडून कुणी भाडं घेतं का?' असं आई थोरलीच्या कानात म्हणायची. पण दारात कुणी आलं की तोच जावई पुन्हा भाडेकरू व्हायचा. त्याने बाहेरचा लोखंडी जिनाच वापरायचा, असा नियम होता. आतला जिना घरच्या माणसांचा. वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यांना उचलून न्हाणीघरात नेणारा, दाढी करून देणारा, रोज पायाला तेल चोळणारा तोच. पण तेवढ्यासाठीही तो पावसापाण्यात बाहेरच्या जिन्याने उतरून, घराला वळसा घालून, पुढच्या दाराने आत यायचा. काकूंची खिडकी त्या जिन्यासमोर होती ना.

मग लग्न का केलं नाही? हाच प्रश्न पुढे सगळ्यांनी विचारला, आणि ज्यांनी लग्न होऊ दिलं नाही त्यांनीच तो सर्वांत मोठ्या आवाजात विचारला. त्याने तीनदा विचारलं होतं. पहिल्यांदा वडील म्हणाले, 'धाकटीचं जमू दे. परका जावई आहे कळलं तर तिला कोण करेल?' धाकटीचं झालं. मग म्हणाले, 'तिला सासरी रुळू दे.' ती रुळली, तिला मूल झालं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा वडील अंथरुणात होते आणि त्याच्याच हातून सूप पीत होते. घोट गिळून म्हणाले, 'मला जरा उभं राहू दे.' ते उभे राहिले. मग तो विषय कुणी काढलाच नाही. वडील निवृत्त ग्रंथपाल. उभा जन्म 'शांतता राखा' या पाटीखाली बसून काढलेला माणूस. घरातही त्यांनी ती पाटी न टांगता चालवली.

मग साथ आली.

त्याची म्हातारी आई तिकडे न्हाणीघरात घसरून पडली म्हणून तो छोटी बॅग घेऊन गेला होता. आठवडाभरात येतो म्हणाला. त्या आठवड्यात सीमा बंद झाली. आधी सगळ्यांनाच बंद, मग हळूहळू दार किलकिलं झालं. पण कुणासाठी? नवरा-बायकोसाठी, आईबाप-मुलांसाठी, ज्यांच्या नात्यावर सरकारी शिक्का आहे त्यांच्यासाठी. कारखान्यातल्या एकीचा नवरा पलीकडून पहिल्याच गाडीने आला. त्या बाईने मागची पाच वर्षं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती. त्याला शिक्क्यावर आत घेतलं. थोरलीच्या माणसाला नाही.

थोरली काचा घासायच्या यंत्राला फोन टेकवून ठेवायची. दुपारच्या सुट्टीत तो पलीकडून बोलायचा. 'तुझी आवाज आज बसली आहे,' म्हणायचा. ती म्हणायची, 'तुझी व्याकरण अजून बसली नाही.' दोघं हसायची. असा एक ऋतू गेला, दुसरा गेला. त्याच्या आईला उठवेना, बसवेना, आणि एक दिवस ती गेलीही. एकट्याने त्याने तिचं सगळं केलं. थोरली फोनवर होती. हातात हात द्यायला माणूस लागतं, फोनचा काय उपयोग.

शेवटी सरकारला पाझर फुटला. देशोदेशी अशी ताटातूट झालेली हजारो माणसं ओरडत होती. नियम निघाला: लग्न झालेलं नसलं तरी एका घरात बरीच वर्षं एकत्र राहणाऱ्यांना जोडीदाराला आणता येईल. अट एकच. अधिकारी घरी येऊन पाहणी करेल आणि घरातलं ज्येष्ठ माणूस त्याच्यासमोर सांगेल, की होय, ही दोघं इथे एकत्र राहतात. पाहणीत उत्तर 'नाही' आलं तर पुन्हा अर्ज नाही. थोरलीने त्याच दिवशी अर्ज केला.

बातमी कळल्यावर तो सीमेलगतच्या गावात येऊन राहिला. एका न्हाव्याच्या दुकानावरची खोली घेतली. तिथून नदीपलीकडचे आपल्या बाजूचे दिवे दिसतात म्हणाला. थोरलीने त्याचे शर्ट धुवून इस्त्री करून ठेवले. आता फक्त आईने खरं बोलायचं होतं. बस, एवढंच काम होतं.

अधिकारी बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी थोरलीने आईवडिलांना टेबलाशी बसवून तालीम घेतली.

"बाई विचारतील, मुलगी कुठे झोपते?"

"वर," आई म्हणाली.

"कोणाबरोबर?"

"अगं, हेही म्हणायचं? परक्या बाईसमोर?"

"हेच म्हणायचंय, आई. बाकी काही नाही म्हटलंस तरी चालेल."

वडील चष्मा पुसत म्हणाले, "नवरा-बायकोसारखे राहतात, असं म्हणू का? बरं दिसेल."

"सारखे कशाला, बाबा? राहतात म्हणा. बरं दिसायला कुणी येत नाहीये."

"माझी काही हरकत नाही गं," आई म्हणाली, "पण जरा हळू आवाजात सांगितलं तर चालेल ना?"

थोरली हसली. घरात किती दिवसांनी हसली. आईने तिच्या गळ्याची शपथ घेतली. आणि मला सांगायलाच हवं, ती शपथ अगदी मनापासूनची होती. त्या रात्री आईला खरंच वाटलं, उद्या एक वाक्य बोलायचं आणि पोरीचं माणूस घरी येईल.

अधिकारी बाई सकाळी लवकर आल्या. तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकचा पडदा, हातात सॅनिटायझरची बाटली, डोळ्यांखाली काळं. वागायला वाईट नव्हत्या. चपला बाहेर काढल्या, पाणी नको म्हणाल्या, बसायलाही नको म्हणाल्या. सरकारी गाडी दारात उभी राहिलेली पाहून समोरच्या काकूही मागोमाग आल्या. त्यांचा मास्क हनुवटीखाली होता. साथ सुरू झाल्यापासून तो तिथेच होता.

"काही नाही, पेपर न्यायला आले होते," काकू म्हणाल्या आणि उंबरठ्यावर उभ्या राहिल्या. त्यांना 'जा' असं कुणी म्हटलं नाही. त्या घरात कुणाला 'जा' म्हणायची पद्धत नव्हती. ज्याला नकोसं करायचं त्याला बाहेरचा जिना दाखवायची पद्धत होती.

"मुलीची खोली?" अधिकारी बाईंनी विचारलं.

थोरली आतल्या जिन्याकडे वळली. आईची नजर मात्र उंबरठ्याकडे गेली. काकू बघत होत्या. आईचा हात उठला आणि त्याने रोजचं दार दाखवलं.

"ही... ही हिची खोली."

आत पलंग होता. उशीवर खळगा, पायथ्याशी लोटलेलं पांघरूण, मधोमध चार सुरकुत्या. आईने सकाळी आधण ठेवलं, आणि हात सवयीने चादरीकडे गेले होते. त्या दिवशी ती चादर चुरगाळायची नव्हती, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

अधिकारी बाईंनी पलंगाकडे पाहिलं. "इथे झोपते मुलगी?"

"आई," थोरली म्हणाली, "सांग ना. मी वर राहते ते सांग."

"वर..." आई म्हणाली. पुढे काही नाही.

थोरलीने बाईंना हाताला धरून नेल्यासारखं वर नेलं. दोन उशा दाखवल्या, दोन ब्रश, त्याचे इस्त्रीचे शर्ट, त्याची हत्यारांची पेटी, तिच्या आणि त्याच्या चपला एकाच फळीवर. भिंतीवर दोघांचे फोटो.

बाई म्हणाल्या, "वस्तू कुणीही आणून ठेवतं हो. परवा एका घरी जोडप्याचा फोटो भिंतीवर होता, फ्रेमला दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच. मला माणसांना विचारावं लागतं. आणि खाली तुमचा पलंग मी आत्ता पाहिला."

"तो खोटा आहे."

"पलंग खोटा कसा असेल?"

या प्रश्नाला थोरली काय उत्तर देणार? माझी आई सात वर्षं रोज रिकामा पलंग विस्कटते, हे ऐकून कुणाचा विश्वास बसेल? खरं सांगितलं तर वेड्यात काढतील, इतकं ते खोटं पक्कं झालं होतं.

खाली येऊन बाईंनी आईला सरळ विचारलं, "वरचे गृहस्थ तुमचे कोण?"

काकू अजून उंबरठ्यावर होत्या. मान थोडी पुढे काढून.

"भाडेकरू," आई म्हणाली.

हा शब्द तिला शोधावा लागला नाही. इतकी वर्षं तोच तोंडात होता. बाईंनी वडिलांकडे पाहिलं. "तुमचंही हेच म्हणणं?"

ज्या माणसाने आपल्याला लहान मुलासारखं उचलून न्हाणीघरात नेलं, त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचा होता. वडिलांनी मान डोलावली. मग ते खिडकीकडे पाहत राहिले, बाहेर काही नव्हतं तरी.

बाईंनी लिहिलं, सॅनिटायझर हाताला चोळला आणि चपला घालून निघून गेल्या. काकू पेपर न घेताच परतल्या.

थोरली ओरडली नाही. आईला वाटलं होतं, ओरडेल, आपटआपट करेल, मग आपण रडू, आणि मग होईल सगळं शांत. ती वर गेली आणि तिने त्याला फोन लावला. सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझी आई आज वेगळं काय बोलली? सात वर्षं तेच बोलते. आपण ऐकत नव्हतो." एवढं सगळं त्याने एकही चूक न करता म्हटलं, आणि त्याचंच तिला फार वाईट वाटलं.

दुपारी वडील आतल्या जिन्याने, कठडा धरधरून वर आले. खुबा मोडल्यापासून ते पहिल्यांदाच वर चढले होते. पश्चात्ताप झाला असेल असं तिला वाटलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"हे बघ, माझ्या ओळखीचा एक जण आहे. तो मागच्या तारखेचं लग्न लावून देतो. सहा वर्षांपूर्वीचं. मग तू बायको झालीस. बायकोला ही पाहणीबिहणी काही नाही. आणि लोकांनाही सांगता येईल, साधेपणाने उरकलं होतं म्हणून. दोन्ही बाजू सावरतात."

 थोरलीला शिसारी आली.  ती उठून मोरीपाशी गेली, तोंडावर पाणी मारलं आणि परत आली.

"खरं लग्न तुम्हाला तीन वेळा चाललं नाही. खरं राहणं आज सकाळी चाललं नाही. खोटं लग्न चालतं?"

"तुझ्यासाठीच म्हणतोय."

"माझ्यासाठी एक शब्द बोलायचा होता, बाबा. तो फुकट होता."

"तू समजून घे. आम्हाला इथे राहायचंय."

"मग राहा," ती म्हणाली. "मी त्या कागदावर सही करणार नाही. सात वर्षं माझा पलंग खोटा होता. आता लग्नही खोटं करून देणार नाही."

वडील हळूहळू जिना उतरून गेले. त्यांना तिचा खूप राग आला होता. पोर हट्टी आहे, असं ते आईला म्हणाले. आई म्हणाली, 'चार दिवसांनी निवळेल.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वाचकहो, तिने आधण ठेवलं आणि जाऊन चादर चुरगाळली.

थोरलीने शोध घेतला. या दोन्ही देशांना दार उघडं असलेला तिसरा एक देश होता. कुणीही या, फक्त आल्यावर खोलीत कोंडून घ्या, म्हणत होता. तिकडे दोघांच्याही ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. तो म्हणाला, "लिफ्ट सगळीकडे बिघडतो." ती म्हणाली, "आणि डोळे सगळीकडे अधू होतात." कारखान्याला तिने नोटीस दिली. घरी सांगितलं तेव्हा आई रडली, धाकटीचा फोन आला: 'ताई, माझ्या सासरी काय सांगू?'

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात आली. थोरलीने मुद्दाम बॅगा बाहेरच्या लोखंडी जिन्याने उतरवल्या, खणखण आवाज करत. काकू समोरून आल्याच. आणखी दोन शेजारी फाटकाशी थांबले.

"कुठे निघालीस गं?" काकूंनी विचारलं.

"कामासाठी," वडील घाईने म्हणाले. "परदेशात चांगली संधी आली तिला."

थोरलीने बॅग खाली ठेवली.

"नाही, काकू. मी त्याच्याकडे जातेय. तो आमचा भाडेकरू नव्हता. मी सात वर्षं वर त्याच्याबरोबर राहत होते. लग्न करायचं होतं, यांनी करू दिलं नाही. खालचा पलंग रिकामा असायचा. आई रोज सकाळी तो विस्कटायची, तुम्हाला दिसावा म्हणून."

आईने पदर तोंडाशी नेला. वडिलांनी फाटकाचा दांडा धरला. एवढी वर्षं ज्या क्षणाला ते घाबरत होते तो आला होता, आता आभाळ कोसळायचं बाकी होतं.

काकू हसल्या. अगदी मायेने हसल्या.

"अगं वेडे, ते काय आम्हाला ठाऊक नव्हतं? पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. सगळ्या आळीला ठाऊक आहे."

फाटकाशी उभे असलेले दोघेही माना डोलवू लागले. एक तर म्हणाला, "चांगला माणूस होता हो तो. आमची लिफ्ट त्यानेच दुरुस्त केली."

म्हणजे त्या पलंगाने सात वर्षांत एकाच माणसाला फसवलं होतं. ज्या एका बाईला खरं कळायला हवं होतं, फक्त तिला. बाकी सगळे रोज येता-जाता ती चादर पाहत होते, मनात हसत होते आणि पेपर घेऊन घरी जात होते. आई ज्यांच्यासाठी खोटं बोलत होती त्यांना खोट्याची गरज नव्हती. त्यांना फक्त गंमत हवी होती, आणि ती रोज घरपोच मिळत होती.

थोरली काकूंच्या जवळ गेली.

"तुम्हाला ठाऊक होतं. मग त्या दिवशी तुम्ही उंबरठ्यावर उभ्या होतात. त्या बाईंना का नाही सांगितलंत? एका वाक्यात तो घरी आला असता."

काकूंचं हसू मावळलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"असं कसं गं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला बोलायचं?"

आणि साथ सुरू झाल्यापासून हनुवटीखाली असलेला मास्क त्यांनी पहिल्यांदाच वर ओढून तोंड झाकून घेतलं.

टॅक्सी गेली.

तिकडे, त्या तिसऱ्या देशात, विमानतळाजवळच्या एका साध्या हॉटेलात तो तिच्याआधी पोहोचला होता. काउंटरवरच्या मुलीने दोघांचे पासपोर्ट पाहिले. दोन देश, दोन आडनावं. थोरलीने उत्तर तयार ठेवलं होतं, पाठच केलं होतं. पण त्या मुलीने काही विचारलंच नाही. तिने एक किल्ली त्यांच्यापुढे सरकवली आणि लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा, असं सांगितलं. तो बॅगा टाकून आधी लिफ्टचं दार बघायला गेला. थोरली तिथेच बॅगेवर बसून रडली. जिना एकच होता. दोघं त्यानेच वर गेली.

आणि इकडे? काकू अजून सकाळी पेपर न्यायला येतात. वर कुणी राहत नाही, खालच्या पलंगावर कुणी झोपत नाही, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, आणि आपल्याला ठाऊक आहे हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तरी थोरलीच्या खोलीचं दार उघडं असतं. उशीवर खळगा असतो आणि चादरीला मधोमध चार सुरकुत्या असतात. काकू आत पाहतात. आई काकूंकडे पाहते. मग एक जण चहा विचारते आणि दुसरी नको म्हणते.

त्या चादरीची किळस मला येतेच. पण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही तो उंबरठा. तिथे त्या सकाळी एकट्या काकू उभ्या होत्या, असं समजून मी आजवर स्वतःची समजूत घालत आलो. मनातल्या मनात नीट पाहिलं तर त्यांच्या मागे आणखी बरीच माणसं उभी असतात. सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कुणाच्याही तोंडून आवाज निघत नाही. तुम्ही त्यांत कुठे उभे होतात, ते तुमचं तुम्ही पाहा.